सीताफळाच्या बिया

आईच्या दंडावरच्या सेन्सरमुळे तिच्या रक्तातलं आठवणीचं औषध उतरल्याचं मोबाइलवरच्या रेषेत दिसलं की शिरीष वृद्धाश्रमात जायला निघे. औषध चढलेलं असताना आईला सगळं आठवायचं आणि ती विचारायची, "घरी कधी नेतोस रे?" उतरल्यावर ती त्याला ओळखत नसे. मग तो तिला निवांत सीताफळ भरवायचा आणि पुढच्या गोळीआधी निघायचा.

आज रेषा सकाळीच, गोळी चढलेली असायच्या वेळी, खाली आली. तो धावत पोचला.

"आजी गोळी घेतच नाहीत," सिस्टर म्हणाल्या. "म्हणाल्या, गोळी चढते तेव्हा बशीत नुसत्या बिया असतात, मुलगा निघून गेलेला असतो. म्हणून गोळीच नको."

शिरीष आईसमोर जाऊन उभा राहिला. त्याच्याकडे बघत ती म्हणाली, "बसा ना. माझा मुलगा येईलच एवढ्यात."