मागच्या खोलीची घरपट्टी

वर्षभर ज्याला मागच्या खोलीत माणूस राहतं की मांजर याची खबर नव्हती, त्याला आज सकाळी आईचा उमाळा फुटला होता.

"आई, तू पुढं ये ना. खुर्चीत बस."

"जिभेला साखर लावून आलात का, साहेब?" म्हातारी म्हणाली. ती त्याला साहेबच म्हणायची.

मागच्या खोलीला खिडकी नव्हती, भिंतीला ओल होती. तरी तिला तीच हवी होती. कालच त्याच्या बायकोनं दारात उभं राहून बजावलं होतं, "घरपट्टी वाढली, तर ही खोली रिकामी करावी लागेल." या वयात बोचकं घेऊन कुणाच्या दारात जायचं?

गुडघे धरत ती उठली, पुढच्या खोलीत जाऊन बसली. भिंतीवर तिचा फोटो टांगला होता. खिळा ताजा. चुन्याची भुकटी खाली तशीच पडलेली.

घरपट्टीचा माणूस आला. फीत लावून त्यानं खोल्या मोजल्या.

"मागं कोण राहतं? भाडेकरू असेल तर पट्टी दुप्पट लागते."

"आई राहते आमची," साहेब म्हणाला.

माणसानं म्हातारीकडे पाहिलं.

"पोराच्या घरात आईची जागा मागंच असते, बाबा," ती म्हणाली. "तुझी कुठं ठेवलीस?"

त्यानं मान खाली घालून फीत गुंडाळली. दारातून एवढंच म्हणाला, "पट्टी आहे तीच राहील. नव्या रस्त्याचं विकास शुल्क तेवढं लागेल. ते सगळ्यांनाच आहे."

दार लागलं. बायकोनं लगेच फोटो उतरवला.

"ते शुल्क तुम्ही द्या," साहेब म्हणाला. मघाचं 'तू' त्या माणसाबरोबरच दाराबाहेर गेलं होतं.

"मी का म्हणून?"

"रस्ता तुम्हालाही आहेच की."

"या गुडघ्यांना?"

"आम्ही तरी कुठून आणायचं? सगळं आमच्याच डोक्यावर."

म्हातारी दमली होती. भांडायचंही बळ नव्हतं. तिनं फोटो काखेत मारला, भिंतीला धरत मागच्या दारापर्यंत गेली, आणि तिथून वळली.

"खोली मी भाड्यानं घेतलीय, साहेब, आई तुम्हाला फुकट मिळाली होती. शुल्क मागायचं असेल, तर पुढच्या खेपेला तीही भाड्यानं आणा."