उलटा उतरणारा माणूस
आमच्या फुटबॉल क्लबचे कपडे मी धुते. मॅनेजर क्लाइव्ह एकेकाळचा गाजलेला खेळाडू, पण आता कठडा धरून जिना उलटा उतरायचा; मेली पोरं खिदळायची. शेवटच्या सामन्याच्या सकाळी आमच्या हुकमी एक्क्याचा, कॅलमचा, गुडघा टम्म सुजला. हरलो तर क्लब खालच्या लीगमध्ये जाणार होता. “बॉस, इंजेक्शन घेऊन खेळतो की!” कॅलम म्हणाला. डॉक्टरनं सुई भरलीसुद्धा. “मीही दर शनिवारी सामन्याआधी हेच म्हणायचो,” क्लाइव्ह म्हणाला. “मी जिना उतरताना हसतोस ना?” त्यानं कॅलमचं नाव यादीतून खोडलं. आम्ही एका गोलनं हरलो. सोमवारी क्लाइव्हला नारळ मिळाला. त्याच्या सामानाचं खोकं घेऊन मी पुढे उतरले. तो मागून उलटाच आला. कुणी हसलं नाही. वर दारावरची त्याच्या नावाची पाटी काढत होते, आणि उलटं उतरणाऱ्याला शेवटच्या पायरीपर्यंत तेच दिसतं.