हवालदाराचा वाडगा

वाडगा दारापाशीच होता. मावशींचा जीव भांड्यात पडला.

“बघितलंत, डॉक्टर? आजसुद्धा आणलाच की नाही आमच्या हवालदाराने!”

डॉक्टर वाकून आपली बॅग उघडू लागले. हल्ली ते सगळ्यांच्या आधी येत.

हवालदार हा मावशी सांभाळत असलेल्या भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यातला सगळ्यात म्हातारा कुत्रा. येणाऱ्या-जाणाऱ्याची भुंकून झडती घ्यायचा, म्हणून हे नाव. जागा नाही म्हणून इथे कुणाला कायमचं निजवत नसत. पण हवालदार आला तोच पोटात गाठ घेऊन. “फार हाल व्हायच्या आत जाऊ द्या त्याला,” डॉक्टर म्हणाले होते. मावशी पिंजऱ्याच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. “रोज सकाळी भूक लागली की हा तोंडात वाडगा धरून दारापाशी येतो. जोवर येतोय तोवर त्याला जगायचंय. नाही आला, तर मी स्वतः त्याला मांडीवर घेऊन बसेन. मग द्या तुमची सुई. कबूल?”

डॉक्टर कबूल झाले. पुढे त्यांच्याच खिशात हवालदारासाठी बिस्किटं दिसायला लागली.

आज हवालदार भुंकला नाही. मावशींनी पाठीवरून हात फिरवला, तर कण्हला. कालही कण्हला होता. थंडीमुळे असेल, अशी त्यांनी कालसारखीच मनाची समजूत घातली आणि खाणं वाढायला वाडगा उचलला.

वाडग्याचा काठ कोरडा ठणठणीत होता.

हवालदाराने आणलेला वाडगा म्हणजे लाळेने नुसता माखलेला. उचलला की हात धुवावा लागायचा. मावशींनी वळून पाहिलं. डॉक्टर भिंतीकडे बघत होते.

“कधीपासून चाललंय हे?”

“सोमवारपासून,” डॉक्टर म्हणाले. “मीच आणून ठेवतो. मावशी, अजून एक औषध आहे हो. दोन दिवस बघू या ना. तुम्हीच नाही का म्हणायच्या...”

मावशींना असा संताप आला, की वाडगा त्यांच्या डोक्यात घालावा. मग त्यांनी डॉक्टरांचे डोळे पाहिले, आणि राग कुठल्या कुठे गेला. त्या खाली बसल्या. हवालदाराचं डोकं त्यांनी अलगद मांडीवर घेतलं.

“तो शब्द मी तुम्हाला नव्हता दिला, डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “याला दिला होता. सुई घेऊन या, आणि बसा इथे, माझ्याजवळ.”