एक्केचाळीस नंबरची कडी

"कापू नकोस!" व्हर्लिनआजोबा असे ओरडले की ब्रिटानं दचकून ग्राइंडर बंदच केला.

आता काय करायचं? सकाळी रेस! तळ्यावर बर्फाचा ट्रॅक पाणी मारमारून काचेसारखा झालाय, तंबू ठोकून झालेत, अख्ख्या विस्कॉन्सिनमधून जुन्या रेसच्या स्नोमोबाईल, बर्फावर पळणाऱ्या गाड्या, ट्रकांवर चढून आल्यात. आणि ह्यांची एक्केचाळीस नंबर गॅरेजमध्ये अडकून बसलीय. तशी गाडी एकदम तयार. पिवळीधमक. तीन सिलिंडर, तिन्ही ठणठणीत. नातीनं दोन हिवाळे घातले तिच्यावर. खरं तर गाडी वाचली हेच नवल. मोसम संपला की रेसच्या गाड्या चिरडून टाका, असा गाडी बनवणाऱ्या कंपनीचा हुकूम होता. आजोबांनी ही एक गवताखाली दडवली. पुढे कंपनी बुडाली, गाडी राहिली.

सकाळी जुने विजेते आपापल्या गाडीवर एक फेरी मारणार होते. ब्रिटाला एवढंच हवं होतं. एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा कप जिंकणाऱ्या आपल्या आजोबांना एकदा, फक्त एकदा, त्या गाडीवर बघायचं.

आणि आजोबा गाडीवर मावतच नव्हते!

गंमत अशी की ह्या ट्रॅकची सगळी वळणं डावीच. वळणावर स्वार डावीकडे पार बाहेर लोंबतो आणि उजवा पाय एका लोखंडी कडीत अडकवून ठेवतो. कडी सुटली की माणूस गेला घरंगळत. एक्केचाळीसची कडी सीटला इतकी चिकटून होती की सहाफुटी आजोबांचा गुडघा थेट हँडलवर आपटत होता.

"कुठल्या गाढवानं केलंय हे वेल्डिंग?" ब्रिटा वैतागली.

"मीच तो गाढव," आजोबा म्हणाले. "आणि चांगलं केलंय."

"मग काय, पन्नास वर्षांत तुमचे पाय वाढले?"

तेवढ्यात नॉर्बर्ट कुबियाक आले, तळलेल्या चीजची पिशवी घेऊन. चौऱ्याहत्तरच्या रेसमधला दुसरा नंबर, आता शेजारी. आल्या आल्या नेहमीची टकळी सुरू. "बसवत नाही ना, व्हर्लिन? बसवणार कसं! अरे, तू मला आयुष्यात हरवलं नाहीस कधी!"

"झालं सुरू!" ब्रिटा म्हणाली. "कपावर नाव कुणाचं आहे, नॉर्बर्टआजोबा?"

"ह्याचं. आणि दुसरा नंबर माझा, तेही मान्य. तरी ह्यानं मला हरवलं नाही."

"चीज थंड होतंय. खा आणि गप बस," आर्डिसआजी कॉफी ओतता ओतता म्हणाली. एवढीशी आजी, आजोबांच्या कोपरापर्यंत येणारी. कॉफीचा मग नातीच्या हातात देत ती हळूच म्हणाली, "काप गं ती कडी. कोण बघतंय?"

"मी बघतोय," आजोबा म्हणाले. "कडी आहे तिथंच राहणार."

ब्रिटानं ग्राइंडर आपटला आणि जेवायलाही आली नाही.

सकाळी तळ्यावर ही गर्दी! थंडी अशी की मिशांना बर्फ. एक्केचाळीस रांगेत उभी राहिली. एरंडेल मिसळलेल्या तेलाचा तो गोडसर धूर पसरला आणि म्हाताऱ्या माणसांनी डोळे मिटून श्वास घेतला. माइकवरून आवाज आला, "एक्केचाळीस नंबर! व्हर्लिन आसगार्ड!"

आजोबांनी इंजिनाची दोरी ओढली. नाही. पुन्हा ओढली. गाडी धडधडली, तळं थरथरलं. ब्रिटाला वाटलं, आता हे कसेबसे बसणार आणि पहिल्याच वळणावर पडणार.

आजोबा बसलेच नाहीत. त्यांनी हेल्मेट उचललं आणि आजीच्या डोक्यावर घातलं.

"वेडा झालास का, व्हर्लिन? त्या रेसमध्ये बायकांना बंदी होती! कप परत घेतील!" आजी म्हणाली.

"घेऊ देत. पत्र्याचाच आहे," आजोबा तिच्या हनुवटीखालचा पट्टा लावत म्हणाले. "तेव्हा हेल्मेटखाली कोण होतं ते सांगू नकोस म्हणालीस, नाही सांगितलं. आत्ताही सांगत नाहीये. फक्त फेरी मारून ये."

आजीनं हातमोजे घट्ट ओढले. मग बसली. उजवा पाय न बघता मागे गेला आणि कडीत असा शिरला, जणू काल संध्याकाळीच काढला होता.

 काल ब्रिटा कापायला निघाली होती, ती कडी!

एक्केचाळीस सुटली. नुसती फेरी मारायची होती हो, मिरवणुकीसारखी! पण आजीला कोण सांगणार? पहिल्या वळणावर ती डावीकडे झुकली, झुकली, आणखी झुकली, कोपर बर्फाला टेकेल इतकी, आणि गाडीच्या मागे पांढरा फवारा उडाला. आजोबा दोन्ही हात वर करून लहान मुलासारखे नाचत होते.

ब्रिटानं वळून पाहिलं. नॉर्बर्टनी एवढ्या थंडीत टोपी काढून छातीशी धरली होती.

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, सगळी रेसभर त्या फवाऱ्याचा बर्फ खाल्लाय मी. असं वळणं व्हर्लिनच्या बापाला जमलं नसतं!" नॉर्बर्टनी डोळे पुसले. "तेव्हा बाईकडून हरलो म्हणायची लाज वाटली. पुढं मिरवावंसं वाटलं, तर हे दोघं गप! मग मी तरी काय करणार? दरवर्षी तुझ्या आजोबांना तोंडावर सांगत होतो ना, तू मला हरवलं नाहीस म्हणून!"