मुका डेरा

रूपाबाईने उकिरड्यातलं शेणखत बाजूला सारलं, डेऱ्याच्या तोंडावरचं फडकं सोडलं आणि कान लावला. आत हूं नाही की चूं नाही. मोहाची फुलं पाण्यात फुगून बसली होती, रुसलेल्या जावयासारखी. फुलांचा सडवा आंबून चढला की डेरा बोलतो, खदखदतो, फेस वर येतो. हा ढिम्म होता.

तिने बोट बुडवून चाखलं. गोड. अजून नुसतंच गोड.

लेकीची सगाई तोंडावर आली होती. डोंगरकड्याकडच्या तांड्यावरून पाहुणे येणार होते, आणि लेकीचा शब्द द्यायचा तो आपल्या तांड्यात गाळलेल्या दारूवर, ही इथली रीत. पहिला थेंब मातीला, वाडवडिलांच्या नावाने. मग पंचांना. सडवाच चढला नाही तर गाळायचं काय, कपाळ?

"थंडी हाय," नवरा धर्मसिंग म्हणाला. "थंडीत असंच व्हतं."

"म्हणून तर उकिरड्यात पुरला. हात घालून बघा, कसं गरम हाय आत."

"मंग फुलं जुनी असतील."

"मागल्या खेपंला ह्याच फुलाची गाळली व्हती. तुमी घराची वाट इसरले व्हते."

धर्मसिंग हळूच म्हणाला, "ठेकेदाराच्या दुकानातून आणू की. पावण्याला काय कळतंय?"

रूपाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. याच ठेकेदाराच्या सांगण्यावरून आबकारीचा जवान माणसं घेऊन आला होता आणि तांड्यातला एकूण एक डेरा फोडून गेला होता. घरी गाळायची नाही, दुकानातली प्यायची, असा म्हणे कायदा. कायदा कसला, ठेकेदाराचं पोट.

"ज्यानं माझा डेरा फोडला, त्याची दारू माझ्या लेकीच्या सगाईत? पंचांपुढं पाण्याचा तांब्या ठिवीन, पर त्याच्या दुकानाची पायरी चढणार न्हाई."

दारात ऊन खात बसलेल्या सासूने, नानीबाईने, तिथूनच विचारलं, "नवा डेरा धुतला कशानं?"

"राखेनं घासला, याडी. कढत पाण्यानं धुतला. वरून लिंबाच्या पाल्याची धुरी दिली." रूपाबाई हे जरा ऐटीतच म्हणाली. सासूला ती आईसारखं याडीच म्हणायची.

नानीबाईने कपाळावर हात मारला. "तूप ठिवायचं व्हतं का त्यात? काहून एवढा घासला?"

रूपाबाईची तरी काय चूक? नव्या डेऱ्याशी तिची कधी गाठच पडली नव्हती. फुटलेला डेरा नानीबाईला तिच्या सासूकडून मिळालेला, रूपाबाईला नानीबाईकडून, आणि त्याला आतून राख लावायची कुणाची छाती झाली नव्हती.

"जुना डेरा सडव्याला उठवतो," नानीबाई म्हणाली. "ह्या कोऱ्याला काय ठावं, आपल्या पोटात काय टाकलंय? जा, जुन्याचं खापर आण. अन् त्याला पाणी लावू नको."

खापरं काटेरी कुंपणात फेकली होती. रूपाबाई तशीच आत घुसली. दोन्ही हात ओरबाडून निघाले, पण बुडाचा तुकडा सापडला. आतून वाळलेला काळपट थर तसाच चिकटलेला होता. तिने तो डेऱ्यात सोडला, फडकं बांधलं आणि वर शेणखत लोटलं.

सकाळी शेणखत उकरायच्या आधीच खदखद ऐकू आली. रूपाबाई एवढ्या मोठ्याने हसली की शेजारची शकुंतलाबाई हातातलं काम टाकून धावत आली. तिचाही डेरा नवा, तिचाही मुका. तांड्यातल्या सगळ्याच बायकांनी आपापले नवे डेरे घासून लख्ख केले होते! मग काय, दुपारपर्यंत रूपाबाईच्या दारात रीघ लागली. दह्याला विरजण मागावं तशी जी ती वाटी घेऊन येत होती आणि खदखदता सडवा वाटीभर नेत होती. रूपाबाईने कुणालाही नाही म्हटलं नाही.

भट्टी लावायच्या दिवशी सकाळीच आबकारीचा जवान आला. या वेळी एकटाच होता, हातात लोखंडी सळई. तांड्याच्या वाटेवर पहिलं घर रूपाबाईचं. त्याने उकिरड्यात सळई खुपसली. खण्ण वाजलं. त्याने शेणखत उपसून डेरा उघडा केला आणि बुटाची लाथ घातली. फेसाळलेला सडवा बघता बघता मातीत मुरला.

धर्मसिंग हात जोडून पुढे झाला. रूपाबाईने त्याचे हात धरून खाली ओढले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिने पुसलंही नाही.

"सगाई ठरल्या दिवशीच हुईल," ती जवानाला म्हणाली. "अन् तांड्याच्या दारूवरच हुईल."

"कहाँ से लाएगी?" जवान हसला.

तेवढ्यात शकुंतलाबाई बाहेर आली. तिच्यामागोमाग घराघरातून बायका बाहेर आल्या. शकुंतलाबाईने जवानाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. साऱ्या तांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "रूपा, पावणे किती येऊन राहिले गं? कोणी किती आणायची ते आत्ताच सांगून टाक."

जवानाने मान वळवली. थंडी मरणाची होती. घराघराच्या बाजूला उकिरडा होता, प्रत्येक उकिरड्यातून वाफ निघत होती, आणि प्रत्येक उकिरड्यापुढे कमरेवर हात ठेवून एक बाई उभी होती.