शब्दाचा पक्का

तीन पालथ्या मडक्यांपैकी एकाखाली नारळ होता. केरबाअण्णांनी डावीकडच्या मडक्यावर बोट ठेवलं. जत्रेतल्या खेळवाल्याने रीतीप्रमाणे उरलेल्या दोनांतलं एक रिकामं मडकं उचलून दाखवलं. “नारळ आता दोन्हींपैकी एकाखाली. मडकं बदलणार?”

गर्दी हसली. अण्णा दिलेला शब्द कधी फिरवत नाहीत, हे पंचक्रोशीला ठाऊक होतं.

पण महिनाभर घरी ते हाच खेळ आपल्या कबुतराशी दाण्यांवर खेळले होते. अण्णा आपल्या पहिल्या मडक्याला चिकटून राहिले. कबूतर मात्र दर वेळी बदलायला शिकलं आणि दुप्पट जिंकून लठ्ठ झालं.

“बदलतो,” अण्णा म्हणाले.

नारळ डावीकडेच निघाला. “पाखराच्या नादाने नाव घालवलंत,” बायको पुटपुटली.

अण्णांनी शांतपणे दुसरं तिकीट काढलं. “मांड पुन्हा. दर डावाला बदलणार. शब्द आहे माझा.”