अंकुशची ओव्हर

पाचवी ओव्हर सुरू झाली तसा अंकुश सीमेच्या दोरीजवळ उभा राहून हात फिरवू लागला. दोन चेंडूंच्या मधे, पाठ मैदानाकडे करून. लांबून बघणाऱ्याला हात फिरताना दिसे. तो कानाच्या वर जात नाही, हे दिसत नसे.

उमरोळीच्या मैदानावर टेनिस चेंडूची फायनल होती. सहा-सहा ओव्हरींचा सामना. मुरबे गावचा संघ फलंदाजीला होता, गोलंदाजी बोईसरच्या एका कारखान्याच्या संघाची. अंकुश कारखान्याकडून खेळत होता. जन्माने मात्र तो मुरब्याचाच. ओहोटीच्या ओल्या वाळूवर तो गोलंदाजी शिकला. ओल्या वाळूत चेंडू उसळत नाही, म्हणून तो थेट बॅटच्या बुडाशी टाकायला लागला. त्या एका चेंडूवर तो गावच्या संघात आला. मग दुसरे संघ त्याला मागून न्यायला लागले. मग कारखान्याने खेळाडू म्हणून नोकरीला घेतलं. तेरा वर्षं त्याचं काम एकच होतं, शेवटची ओव्हर. तोवर लांब दोरीजवळ एकट्याने उभं राहायचं आणि कर्णधाराने हात वर केला की चालत आत यायचं.

मुरब्याचा सुजीत फलंदाजीला जाताना मुद्दाम त्याच्या जवळून गेला होता. म्हणाला, "अंकुशदादा, आज तरी टाकशील का? का नुसता वारा घालतोस?"

अंकुश हसला होता. दोन वर्षांमागे खांद्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं, तेव्हापासून हात वर जायचाच थांबला. त्याने कुणाला सांगितलं नाही. खेळ सुटला की खेळाडूची जागा सुटणार होती. सरावली गावात एका खोलीत तो एकटा राहत होता. आई गेल्यावर त्याला नावाने हाक मारणारं ठिकाण मैदान एवढंच उरलं होतं.

दर सोमवारी पहिल्या पाळीला जाण्याआधी तो सरावलीच्या गावदेवीला जाई. संध्याकाळपर्यंत अन्न घेत नसे. बाकीचे खेळाडू देवीकडे जिंकणं मागत. तो मात्र मागायचा, माझी ओव्हर येऊ देऊ नकोस.

घंटा डाव्या हाताने वाजवू नये, हे आईने त्याला लहानपणीच शिकवलं होतं. पण उजवा घंटेपर्यंत पोचत नव्हता. पहिल्या सोमवारी तो अर्ध्यावरच अडला आणि नाइलाजाने डावा वर गेला. पुढे मात्र तो आजूबाजूला कुणी नाही असं बघून मगच वाजवू लागला, आणि दर वेळी देवीची माफी मागू लागला. रस्त्याच्या वळणावर पोचेपर्यंत मागे घंटा पुन्हा वाजे. कुणीतरी दर्शनाला आलं असेल, एवढंच त्याच्या मनात येई.

देवीने त्याचं ऐकलं होतं. समोरचे संघ बहुतेक पाचव्या ओव्हरीतच आटपत. दोनदा सामना सहावीपर्यंत गेला, तेव्हा कर्णधार निमेशने स्वतःच चेंडू घेतला. अंकुशला फायनलला राखून ठेवलाय, असं तो सगळ्यांना सांगे. गेल्या वर्षी संघ फायनलपर्यंत पोचलाच नाही.

आज पोचला होता. पाचव्या ओव्हरीत मुरब्याचे दोघे घाईघाईत उंच मारायला गेले आणि बाद झाले. सुजीत टिकून राहिला. शेवटच्या सहा चेंडूंत सात धावा हव्या होत्या.

निमेशने हात वर केला.

दोरीपासून खेळपट्टीपर्यंतचं अंतर अंकुशला कधी एवढं लांब वाटलं नव्हतं. मुरब्याची माणसं त्याच्या नावाने ओरडत होती. निमेशने चेंडू पुढे केला. अंकुशने घेतला नाही.

"निमेश, माझा हात वर जात नाय. दोन वर्षं झाली."

निमेश चेंडू पँटला पुसत राहिला. "म्हायती हाय."

"मग ठेवलास कशाला मला?"

"तू तिकडं हात फिरवायला लागलास का समोरचे तुझ्या ओव्हरीच्या धाकानं पाचव्यातच घाई करतात. आता दोघं गेले ते तुझेच." त्याने संघातल्या दुसऱ्या गोलंदाजाला, चिंतूला, खूण केली. "आज लपवलं असतंस तरी चेंडू मी काढून घेतला असता. पण तू सांगावंस असं वाटत होतं."

कसं कळलं, असं अंकुशने विचारलं. निमेश म्हणाला, आधी ओव्हर होऊ दे.

ओव्हर चिंतूने टाकली. अंकुश त्याच्या बाजूला उभा राहिला आणि प्रत्येक चेंडूआधी हळूच सांगत गेला, बुटावर टाक, बुटावरच. सुजीतने जिवाचा आटापिटा केला. चार धावा झाल्या.

पोरांनी चिंतूला खांद्यावर घेतलं. अंकुश दोरीजवळ जाऊन आपली पिशवी उचलून आला. कुणाचं लक्ष नव्हतं.

जिंकल्यावर घरी जाण्याआधी गावदेवीला नारळ वाढवायचा, ही संघाची रीत होती. टेम्पो देवळाशी थांबला. पोरं खाली उतरून हार-नारळ घेत होती. तोवर अंकुश चपला काढून पुढे झाला. सवयीने त्याचा डावा हात वर गेला आणि मागे निमेश आहे हे आठवून तिथेच थांबला.

निमेशने त्याच्या खांद्यावरून आपला उजवा हात वर नेला आणि घंटा वाजवली.

"पहिल्यांदा तू डाव्यानं वाजवलीस, तवा मी मागंच उभा होतो," तो म्हणाला. "त्या सोमवारपासून, तू वळणावर गेलास का, तुझी घंटा उजव्या हातानं मीच वाजवतो."